आधी कानाला कळणारं भय

नमस्कार श्रोतेहो. भयपट मी लहानपणापासून भक्तिभावानं बघत आलोय. त्याबद्दल रेडिओवरून बोलायला मिळतंय याचा आनंद आहे, कारण चांगला भयपट आधी कानातून आत शिरतो, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी शेतात जागल केली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मचाणावर बसलं की रानडुक्कर दिसत नाही, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, मोडल्याचा आवाज येतो. रोही म्हणजे नीलगाय आहे, डुक्कर आहे की वाघ, हे बॅटरीच्या उजेडात दिसेपर्यंत अंगावर काटा येऊन गेलेला असतो.

१९७५ चा ‘जॉज’ घ्या. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. मग मासा न दाखवताच तो आल्याची वर्दी द्यावी लागली, आणि ते काम संगीतकार जॉन विल्यम्स यांच्या दोन सुरांनी केलं. शार्क नीट दिसतो तो अर्धा सिनेमा उलटल्यावर. तोवर नुसत्या निळ्या पाण्याचीही धास्ती बसलेली असते.

पण माझा खरा लाडका ‘गॉडझिला’. १९५४ चा, जपानी, ब्लॅक अँड व्हाइट, इशिरो होंडा यांचा. त्यातल्या महाकाय प्राण्याची डरकाळी कुठल्याच खऱ्या जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासला गेला, त्यातून ती निघाली. ऐकताना रागाइतकीच वेदनाही जाणवते मला. त्याला कारण आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. खलाशी आजारी पडले, त्यातला एक सप्टेंबरात गेला. सिनेमा आला नोव्हेंबरात. त्यातला प्राणीही अशाच चाचण्यांनी समुद्रातून उठलेला. रबराच्या जडशीळ पोशाखात हारुओ नाकाजिमा हा नट चालत होता. त्या चालीला जे वजन आहे, ते मला आजच्या संगणकी राक्षसांत क्वचितच सापडतं.

आपल्याकडे रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी हा राक्षस, म्हणजे नट अनिरुद्ध अगरवाल, असाच हाडामांसाचा. गावात व्हीसीआर भाड्यानं आणायचे त्या काळात त्याच्या चेहऱ्यानं आमची झोप उडवली होती. मराठीत २०१७ चा ‘लपाछपी’ जरूर बघा. गोष्ट उसाच्या फडातली. आपल्या भागात ऊस थोडा, पण तूर डोक्यावर गेली की धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, वाट तशीच हरवते. आणि तिथलं भूत मुलींचा जीव घेणाऱ्या माणसांच्याच पापातून आलेलं आहे.

शांततेत अचानक धाडकन आवाज काढून दचकवणारे सिनेमे मात्र मला आवडत नाहीत. दार आपटलं तरी माणूस दचकतोच, त्यात दिग्दर्शकानं काय केलं?

‘गॉडझिला’ शोधाल तेव्हा मूळ जपानीच घ्या. १९५६ ची अमेरिकी आवृत्ती कापलेली आहे, तिच्यात एक अमेरिकी पत्रकार नव्यानं घातलाय आणि बॉम्बची बाजू बरीच सौम्य केली आहे. पोरांना सोबत घेऊन बसा, आणि लावण्याआधी त्या बोटीची गोष्ट त्यांना सांगा. नमस्कार.