करंजीची कड

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त. नाताळ तोंडावर आलाय, घरोघरी कढई चढली असेल, म्हणून आज मला उपकारस्तुतीवर, म्हणजे देवाचे आभार मानण्यावर, दोन शब्द बोलायला सांगितलंय. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी तुम्हाला पाठ आहेत. येशूनं दहाही बरे केले, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. आपण दरवर्षी त्या एकाचं कौतुक करतो आणि नऊ जणांना बोल लावतो. पण येशूनं नऊ कुठंयत एवढंच विचारलं, त्यांचा आजार काही परत आणला नाही. बरं केलं ते केलं. हे ध्यानात ठेवा, नऊ जण बरे झाले ते बरेच राहिले.

आता आमच्या आईची गोष्ट. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आम्ही वाड्यात राहायचो. अमेरिकन मराठी मिशन 1831 ला नगरात आलं, पण नाताळचा फराळ मात्र आमचा पक्का मराठी, करंज्या, शेव, चिवडा, अनारसे. करंजीत सुकं खोबरंच घाला हो, ओल्या नारळाची दोन दिवसांत वास मारते, लोक ऐकतच नाहीत. तर आई स्टीलच्या ताटल्या भरायची, प्रत्येकीवर मागं तिचं नाव कोरलेलं, वर क्रोशाचा रुमाल, आणि मी वाटत फिरायचो. ताटली रिकामी परत येत नाही हे काय तुम्हाला सांगायचं, चिमूटभर साखर तरी यायचीच. आता सगळं यूज अँड थ्रो, परत यायला ताटलीच नाही, आणि शुभेच्छा काय तर फॉरवर्ड.

एका नाताळला कोपऱ्यातल्या काकूंकडून ताटली आली, त्यात चार करंज्या. आईनं एक उचलली, कड बघितली आणि गप्पच बसली. आमच्या कातण्याचा एक दात मोडलेला, त्यामुळं आईच्या करंजीची कड मधेमधे सपाट असायची. मी ओरडलो, अगं या तर आपल्याच! तर पाठीत धपाटा. काकांचा पगार तीन महिने अडकलेला, घरात साखरेचा दाणा नसणार, आणि रिकामी ताटली कशी पाठवायची, म्हणून पोरांच्या वाटच्या करंज्या काढून पाठवल्या होत्या बाईंनी. संध्याकाळी काकू नळावर भेटल्या तर आई म्हणते, करंज्या मस्त झाल्या होत्या हो तुमच्या. मी हसू दाबून बादली धरलेली.

पुढच्या वर्षी आईनं मला पढवून पाठवलं, ताटली तुमच्याकडंच राहू द्या म्हणावं, आमच्याकडं ठेवायला जागा नाही. जागा भरपूर होती. आणि एकट्या काकूंनाच सांगितलं असतं तर वाड्याला कळलं असतं ना, म्हणून तिनं सगळ्यांनाच तसं सांगायला लावलं. डझनातल्या तीन ताटल्या उरल्यात आमच्या.