लाल तोंडाचं माकड आणि गगनबावड्याचा रस्ता

नमस्कार मंडळी, आज तुमच्याशी माकडांबद्दल बोलायचंय. माकडं म्हटलं की आपल्याकडं पहिलं वाक्य येतं, अहो नुकसान किती करतात! आणि ते खरंय, कणसं भरली की टोळी उतरते आणि तासाभरात मक्याचा अर्धा वाफा आडवा, हे मी मामाच्या शेतात बघितलंय. त्यामुळं शेतकऱ्याच्या रागाला मी नावं ठेवणार नाही.

पण गेल्या मे महिन्यात गगनबावड्याहून कोल्हापूरला येताना जे बघितलं ते डोक्यातून जात नाही बघा. एका वळणावर चार-पाच गाड्या थांबलेल्या, लोक वेफर्स टाकत होते, मोबाईलवर शूटिंग चाललेलं आणि माकडं पार रस्त्याच्या मधोमध आलेली. समोरून जोरात एक गाडी आली आणि एक मादी जागेवरच गेली. तिचं पिल्लू पोटाला चिकटलेलं होतं, एवढंसं, काळपट, दोन्ही मुठींत आईचे केस गच्च धरलेले. टोळीतली दुसरी मादी आली, तिनं हळूच ओढून बघितलं, पिल्लू सोडेना. ती परत झाडाकडं गेली, परत आली, असं तीनदा झालं. वेफर्सचं पाकीट तिथंच पडलेलं.

ते आपलं लाल तोंडाचं माकड, बॉनेट मकाक. डोक्यावर मधून भांग पाडल्यासारखे केस, टोपी घातल्यासारखे, आणि शेपूट लांब. काळ्या तोंडाचं वानर वेगळं. घाटात, देवळाच्या पायऱ्यांवर ही माकडं एवढी दिसतात की वाटतं कधी संपायचीच नाहीत. पण हे माकड फक्त आपल्या दक्षिण भारतात आहे, जगात दुसरीकडं कुठंच नाही, आणि आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत त्याला धोक्यात आलेल्या जातींत टाकलंय. कारण काय, तर रस्ते रुंद करताना कडेची वड-पिंपळ-उंबराची जुनी झाडं तोडली जातात, तीच त्यांची घरं. त्यात उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड खाली सरकत येऊन त्यांची जागा घेतंय. आणि मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, म्हणजे रस्त्यावर एक आई गेली तर तो खड्डा लवकर भरून येत नाही.

जगात माकडं, वानरं, लोरिस, गोरिला असे सगळे धरून ५०० च्या वर जाती आहेत, त्यातल्या साधारण ६० टक्के धोक्यात आहेत. याच सह्याद्रीत खाली कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत सिंहपुच्छी माकड आहे, काळं, तोंडाभोवती करड्या आयाळीचं. त्याचं घर असलेल्या केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरण होणार होतं, लोकांनी ते होऊ दिलं नाही, १९८३ ला प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ ला तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. आणि तमिळनाडूत वालपराईला चहाच्या मळ्यांतून रस्ता जातो, तिथं या माकडांसाठी रस्त्याच्या वरून झाडाला झाड जोडणारे पूल बांधलेत. किती साधी गोष्ट आहे! आसामात होल्लोंगापारच्या जंगलातून रेल्वे लाईन गेली आणि हुलॉक गिबन, म्हणजे झाडांवरच राहणारे बिनशेपटीचे माकडासारखे प्राणी, दोन्हीकडं अडकून पडले, कारण हा प्राणी जमिनीवर सहसा उतरतच नाही. फांदीला फांदी लागलेली असणं हाच त्यांचा रस्ता.

आपल्याकडं राधानगरी अभयारण्य आहे, २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेलं, आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण त्या जंगलाकडं जाणाऱ्या रस्त्यांची झाडं तोडताना दोन्ही बाजूच्या फांद्या भेटतायत का हे कोण बघतंय? कामाच्या आधीच हे विचारायला पाहिजे, ग्रामसभेत विचारायला पाहिजे. आणि शेताचं नुकसान झालं तर पंचनामा आणि भरपाई वेळेत मिळाली पाहिजे, नाहीतर शेतकऱ्यानं एकट्यानं किती सोसायचं?

आणि घाटात खाऊ टाकू नका हो, एक बिस्किटसुद्धा नको. जंगलातल्या जांभळा-उंबरावर त्यांचं भागतं, उलट ती फळं खाऊन बिया लांबवर तीच नेऊन टाकतात. खाऊ मिळतो म्हणूनच ती रस्त्यावर बसतात.

जखमी माकड दिसलं तर स्वतः हात लावू नका, वनविभागाच्या १९२६ या नंबरला फोन करा. त्या दिवशी आमच्या गाडीत कुणालाच हा नंबर माहीत नव्हता. आता तो मोठ्या अक्षरात लिहून काचेजवळ चिकटवलाय.