दोन नंबरचा पैलवान

नमस्कार मंडळी. विषय मला असा दिलाय की क्युबासारखा एवढासा देश, लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, तिथनं कुस्ती आणि ज्युडोतली एवढी मोठी माणसं येतात कशी. ते मी सांगणारच आहे. पण माझं एक ठाम मत आहे आणि ते आधी मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्यावर टांगता येईल. मत असं, की क्युबाचे चॅम्पियन घडवले ते क्युबातल्याच दोन नंबरच्या पैलवानांनी. ऑलिंपिकला एका वजनात एका देशाचा एकच जण उतरतो. म्हणजे हवानाच्या सेर्रो पेलादो या राष्ट्रीय संघाच्या सराव सेंटरमध्ये जो रोज सकाळी चॅम्पियनच्या अंगावर पडतो, कदाचित जगात तिसरा-चौथा असेल, तो घरी बसून टीव्ही बघतो. त्याचं नाव आपल्याला माहीतच नसतं.

आता मिहाइन लोपेझ, क्युबाचा ग्रीको-रोमन कुस्तीतला हेवीवेट. इथे बसलेल्या सगळ्यांनी त्याची रील्स पाहिलीत त्यामुळे ओळख करून देत नाही. बीजिंग २००८, लंडन २०१२, रिओ २०१६, टोकियो, पॅरिस, एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाच सुवर्ण, हे आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. कार्ल लुईस लांब उडीत चारला थांबला, पोहण्यात फेल्प्स २०० मीटर मेडलेत चारला थांबला. पिनार देल रिओ प्रांतातल्या एर्रादुरा नावाच्या छोट्या गावचा हा पोरगा, घरात एक भाऊ बॉक्सर, त्या मिशेलनं २००४ ला अथेन्समध्ये ब्राँझ घेतलं, आणि त्याच अथेन्समध्ये मिहाइन मात्र रशियाच्या बारोएवकडून हरून रिकाम्या हातानं परतला. हे विसरू नका, कारण लोक असं बोलतात की जणू तो जन्मतःच अजिंक्य होता. तुर्कस्तानच्या रिझा कायाल्पनं त्याला २०११ आणि २०१५ अशा दोन वर्ल्ड फायनलमध्ये हरवलंय! आणि मग रिओच्या फायनलला मिहाइननं त्याच कायाल्पला ६-० नं धुतला आणि आनंदात स्वतःच्या कोचलाच, राउल त्रुहिल्योला, उचलून मॅटवर आपटला. तो व्हिडिओ घरी जाऊन जरूर बघा, कोच पडल्यावरसुद्धा हसतोय.

ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही, पाय मारायचा नाही. आपल्याकडचा पट काढणं, टांग, हे सगळं बाद. उरतं काय तर छाती, खांदा, मान आणि पकड. जो मागे मागे सरकतो त्याला पंच पॅसिव्ह देतात, म्हणजे लढत नाही असं ठरवतात, समोरच्याला गुण मिळतो, आणि मग सरकणाऱ्याला मॅटवर पालथं पडावं लागतं. वरचा माणूस त्याच्या पोटाभोवती हात बांधून त्याला गरगर फिरवायला बघतो. खालचा पोट मॅटला चिकटवून, कोपरं रुंद पसरून तग धरतो. हे सगळं एकशेतीस किलोच्या माणसाबरोबर करायचं! त्या वजनात वरच्याचे हात कुठे बांधले जाणार हे खालच्याला आधीच कळत असेल तर निम्मी कुस्ती तिथेच संपते. आणि ते कुणाला कळणार? जो रोज त्याच्या खाली पडलाय त्याला.

म्हणून ६ ऑगस्ट २०२४. पॅरिसची फायनल, मिहाइनसमोर चिलीच्या कपड्यात उभा आहे यास्मानी अकोस्ता. तो चिलीचा कसा? मूळचा क्युबातल्या मातान्सासचा. राष्ट्रीय संघात मिहाइनच्या मागचा माणूस, त्याच्याच वजनातला. मिहाइन असेपर्यंत याला ऑलिंपिकचं तिकीट मिळणारच नव्हतं आणि मिहाइन तर हटायचं नाव घेत नव्हता. मग २०१५ ला पॅन अमेरिकन कुस्ती स्पर्धेसाठी संघ चिलीच्या सँटियागोला गेला तेव्हा हा परत फिरलाच नाही. राहिला तिथेच, रात्री क्लबच्या दारावर सिक्युरिटीची नोकरी केली, कागदपत्रांची वाट बघितली, मग चिलीचा नागरिक झाला. टोकियोत पाचवा. आणि मग पॅरिस, चिलीचं कुस्तीतलं पहिलं ऑलिंपिक पदक, समोर तोच माणूस ज्याच्यामुळे याला देश सोडावा लागला. सोडावा लागला हे माझं वाचन, तो स्वतः मिहाइनबद्दल कायम आदरानंच बोलतो.

कुस्ती ६-० झाली. एकतर्फी म्हणाल. मी म्हणेन जगात त्या वजनात त्या दिवशी पहिला आणि दुसरा दोघेही क्युबाच्या एकाच हॉलमधून निघालेले होते. मिहाइन एक्केचाळीस वर्षांचा, टोकियोनंतर एकही स्पर्धा न खेळता थेट पॅरिसला उतरलेला. जिंकल्यावर त्यानं मॅटच्या मध्यभागी बसून लेस सोडल्या, बूट काढले, तिथेच ठेवले. कुस्तीत याचा अर्थ निवृत्ती. सगळ्या जगानं त्या बुटांचे फोटो छापले, मीही कित्येकदा बघितलेत आणि दर वेळी गळा भरून येतो हे खरंय. पण दोघांनी एकमेकांना मिठी मारली तो क्षण बघा. अकोस्ताच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख आहे आणि त्याच चेहऱ्यावर आपला माणूस जिंकल्याचा आनंदही आहे, आणि तो फोटो फारसा कुणी छापला नाही.

आता माझी जुनी तक्रार, आणि ही आपल्या सगळ्यांबद्दल आहे. त्याच ६ ऑगस्टला विनेश फोगटनं ५० किलोच्या सेमीफायनलला जिला हरवलं ती क्युबाची युस्नेलिस गुझमान. ५-० असा स्वच्छ निकाल. दुसऱ्या दिवशी सकाळी विनेशचं वजन शंभर ग्रॅम जास्त, आणि पुढचं मी सांगायला नको, आपण सगळे जेवलो नव्हतो त्या दिवशी. विनेशवर जे झालं ते अजूनही पचत नाही, आदल्याच दिवशी तिनं टोकियोची सुवर्णविजेती, जपानच्या सुसाकीला हरवलं होतं. पण नियम असा की फायनलिस्ट वजनात बसली नाही तर जिला तिनं सेमीला हरवलं ती फायनलला जाते. म्हणजे जी मुलगी ब्राँझच्या कुस्तीची मनाची तयारी करून झोपली होती तिला सकाळी कळलं की संध्याकाळी सुवर्णासाठी लढायचंय. आणि आपल्याकडे काय बोललं गेलं? फुकटचं सिल्व्हर, लॉटरी, चोरलं. ओळखीच्या, कुस्ती कळणाऱ्या माणसांनी मला असले मेसेज पाठवले. अरे, त्या पोरीनं वजन बरोबर ठेवलं होतं ना? तिनं आधीच्या कुस्त्या जिंकल्या होत्या ना? फायनलला अमेरिकेच्या सारा हिल्डेब्रँडपुढे ती ३-० नं हरली, पण सहा मिनिटं उभी राहिली. क्युबाच्या महिला कुस्तीतलं ते पहिलंच ऑलिंपिक पदक होतं. तिच्या देशात तो इतिहास आहे आणि आपल्याकडे तिचं नाव सुद्धा कुणी नीट लिहिलं नाही, नुसतं ‘ती क्युबावाली’. विनेशसाठी रडणं आणि गुझमानला मान देणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमतात, जमल्या पाहिजेत.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटंच उरलीत. मग ज्युडो जरा पळवतो, खरं तर अर्धा वेळ ज्युडोला द्यायचा होता.

बायकांचा ज्युडो म्हणजे रोनाल्दो वेतिया. १९८६ पासून जवळजवळ तीस वर्षं एकच कोच, आडवातिडवा देह, आणि त्याच्या हाताखाली पिढ्याच्या पिढ्या. १९९२ बार्सिलोना, ऑलिंपिकला महिला ज्युडो पहिल्यांदाच पदकांसाठी, आणि ओदालिस रेवे सुवर्ण घेऊन येते. लक्षात घ्या, सोव्हिएत युनियन कोसळलेला, क्युबात खायचे वांधे, पेट्रोल नाही, लोक सायकलवर, आणि त्याच वर्षी हा देश १४ सुवर्णांसह पदकतालिकेत पाचवा. ग्वांतानामोची द्रिउलिस गोन्झालेस, ९२ ला ब्राँझ, ९६ ला सुवर्ण, २००० ला रौप्य, २००४ ला वरच्या वजनात जाऊन पुन्हा ब्राँझ, आणि २००७ ला पुन्हा वर्ल्ड चॅम्पियन. सिडनीत लेग्ना व्हर्देसिया आणि सिबेलिस व्हेरानेस दोघींचं सुवर्ण. मग इदालिस ऑर्टिझ, सलग चार ऑलिंपिकमध्ये पदक, लंडनला सुवर्ण. या एकेकट्या घडल्या नाहीत, नवीन आलेली पोरगी पहिल्याच आठवड्यात वर्ल्ड चॅम्पियनकडून आपटून घ्यायची, रोज, आणि तीन-चार वर्षांनी तीच दुसऱ्या कुणाला आपटायची.

घडण थोडक्यात. १९६१ ला इंदेर ही सरकारी क्रीडासंस्था, मग लहान मुलांसाठी प्रांतोप्रांती एइदे शाळा, त्यातून पुढे वरच्या पातळीच्या एस्पा शाळा, त्यातून राष्ट्रीय संघ. राहणं, खाणं, शिकणं, खेळणं एकाच ठिकाणी. यानं मोठा चॅम्पियन मिळतो असं नाही, यानं त्या वजनात वीस जण मिळतात. पुरावा कुस्तीतलाच देतो. इस्माएल बोरेरो रिओला ५९ किलोत सुवर्ण घेतो आणि वरच्या वजनात जातो, रिकाम्या जागी लुईस ओर्ता येतो आणि टोकियोला ६० किलोचं सुवर्ण घेतो, जपानच्या फुमिताला जपानात हरवून. मग ओर्ताही वर सरकतो, २०२३ ला ६७ किलोत वर्ल्ड चॅम्पियन, पॅरिसला ब्राँझ.

आणि याचीच उलट बाजू. तेच दोन नंबरचे आता जातायत. क्युबात जन्मलेला पैलवान फ्रँक चमिझो इटलीकडून दोनदा वर्ल्ड चॅम्पियन झाला. पॅरिसच्या पुरुषांच्या तिहेरी उडीत तिन्ही पदकं क्युबात जन्मलेल्यांनी घेतली, स्पेन, पोर्तुगाल, इटलीसाठी, क्युबाच्या खात्यात शून्य. पॅरिसला क्युबाला एकूण ९ पदकं, त्यातली ५ कुस्तीची. ज्युडोत एकही नाही, १९९२ पासून दर ऑलिंपिकला मिळत होतं, या वेळी पहिल्यांदाच मिळालं नाही. ऑर्टिझच्या मागे तिला रोज पाडणारी कुणी उभी राहिली नाही, माझ्या मते कारण हेच, पैसा आणि प्रवास नंतर येतात. बरं, प्रश्न घेतो, मागच्या रांगेतले काका मघापासून हात वर करून बसलेत.