फुलबॅक पोसावा की नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात मिक्सर आला म्हणून खलबत्ता भंगारात गेला का? नाही ना. बसलाय अजून ओट्याच्या कोपऱ्यात. दोन वेलच्या कुटायला कोण मिक्सरचं भांडं काढणार आणि मग धूत बसणार? अमेरिकन फुटबॉलमधल्या फुलबॅकची गत थेट या खलबत्त्यासारखी झाली आहे. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. त्यातल्या कित्येकांनी आपला खलबत्ता केव्हाच काढून टाकला. काहींनी मात्र हट्टाने ठेवलाय. कोणाचं बरोबर?

आधी एक खुलासा. गोव्यात फुलबॅक म्हटलं की बचावफळीतला कडेचा खेळाडू डोळ्यांसमोर येतो. तो सॉकरमधला. आपला फुलबॅक वेगळा. आपला आक्रमणात खेळतो आणि उभा राहतो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू हाती घेऊन डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या मागे, साधारण चार यार्डांवर. त्याच्याही मागे, सात यार्डांवर, रनिंग बॅक. चेंडू मिळतो मागच्याला. पुढचा आधी फटीत घुसतो आणि समोरच्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभ्या असलेल्या खेळाडूला, वाटेतून हटवतो. मंत्र्यांच्या ताफ्यापुढे पायलट गाडी असते ना, तेच काम. फक्त इथे समोरून येणारी गाडीही शंभर किलोच्या वरची असते.

हे काम दिसतं धसमुसळं, पण आहे बारकाव्याचं. पहिलं पाऊल आखूड, ज्या बाजूला धाव जायची त्या बाजूच्या पायाचं. गुडघे वाकलेले. खांदे लाइनबॅकरच्या खांद्यांपेक्षा खाली, तळवे त्याच्या छातीवर, आणि धडकल्यावरही पाय चालूच. पुन्हा सांगतो, धडकल्यावरही पाय चालूच. पाय थांबले की लाइनबॅकर एक धक्का खाऊन तिथेच उभा राहतो, फट बुजते आणि मागून आलेला रनिंग बॅक आपल्याच फुलबॅकच्या पाठीवर आदळतो. दुसरी चूक डोकं खाली घालण्याची. समोरचं दिसेनासं होतं, मानेला धोका, आणि २०१८पासून हेल्मेट खाली घालून धडक दिली की पंधरा यार्डांचा दंड. तिसरी चूक चुकीचा खांदा धरण्याची. धाव आतून जायची असेल तर लाइनबॅकरला बाहेर लोटायचं. त्याला आत लोटलं तर आपणच आपली वाट अडवली.

टीव्हीवर यातलं काही दिसत नाही. कॅमेरा चेंडूच्या मागे. लग्नाच्या व्हिडिओत जसा अर्धा तास नुसता स्टेजच दिसतो आणि वाढपी एकदाही दिसत नाहीत, तसलाच प्रकार. असो.

आता हिशेब. संघात माणसं त्रेपन्न. सामन्याच्या दिवशी मैदानात उतरवता येतात जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस. फुलबॅक ठेवला म्हणजे एखादा फेक झेलणारा रिसीव्हर किंवा त्याला रोखणारा कॉर्नरबॅक कमी. त्यात १९७८ साली नियम बदलले, पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्काबुक्की करायला बंदी आली, तशी लीग हळूहळू फेकीकडे झुकत गेली. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरपासून पाचेक यार्ड मागे उभा राहायला लागला. मग फुलबॅकला धाव घ्यायला जागाच उरली नाही.

यापुढची गोष्ट कळायला आकड्यांची एक खूण लक्षात ठेवा. पहिला आकडा मागचे बॅक, दुसरा आकडा टाइट एंड, म्हणजे फळीच्या टोकाला उभे राहून अडवणारे आणि झेलही घेणारे. पुढची पाच जणांची फळी आणि क्वार्टरबॅक सोडले की उरतात पाच; त्या पाचातून दोन्ही वजा केले की उरले ते रिसीव्हर. म्हणजे एक-एक रचनेत एक बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर. आज निम्म्याहून अधिक खेळ यातच चालतो. आणि दोन-दोन रचनेत दोन बॅक, दोन टाइट एंड, आणि रिसीव्हर फक्त एक. हे दोन-दोन विसरू नका.

तारीख ३ फेब्रुवारी २०१९. आपल्याकडे सोमवारची पहाट. अटलांटात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स. लोक या सामन्याला कंटाळवाणा म्हणतात, कारण दोघांचे मिळून गुण झाले सोळा, सुपर बोलच्या इतिहासातले सगळ्यात कमी. ज्यांना फक्त धावफलक बघून क्रिकेट कळतं त्यांनाच असा सामना कंटाळवाणा वाटतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेट्रियट्सचा फुलबॅक जेम्स डेव्हलिन. ब्राउन विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेला, कॉलेजात बचावात खेळलेला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणीही न निवडलेला. शेवटच्या सत्रात दहा मिनिटं उरलेली, गुण ३–३, आणि गोलरेषा एकोणसत्तर यार्ड दूर. क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडीने पहिल्या फेकीत टाइट एंड ग्रॉन्कोव्स्कीला गाठून अठरा यार्ड काढले.

आणि मग पेट्रियट्सने दोन-दोन रचना उतरवली. डेव्हलिन आणि बर्कहेड हे दोन बॅक, दोन टाइट एंड, एकटा एडलमन रिसीव्हर. एवढी जड माणसं आली म्हणजे आता हे धावणार, हे कोणीही सांगेल. शिवाय प्लेऑफभर पेट्रियट्स धावूनच जिंकत आले होते. त्यामुळे रॅम्सनीही आपली जड माणसं मैदानात ठेवली. पळून पाठलाग करणारे हलके खेळाडू बाहेर, धडकणारे लाइनबॅकर आत.

आता पाहा. चेंडू सुटण्याआधी पेट्रियट्स पांगले. सगळे मैदानभर पसरले, आणि आपला एकशे पंधरा किलोचा इंजिनिअर रिसीव्हरसारखा लांब कडेला जाऊन उभा. ब्रॅडीच्या शेजारी मागे कोणीच नाही. रॅम्सची पंचाईत झाली. डेव्हलिनला चेंडू फेकणार नाहीत हे उघड होतं, पण त्याच्या बाजूला कोणीतरी उभं करावंच लागतं. आणि मध्ये एडलमनसारख्या चपळ माणसाच्या वाट्याला आला लाइनबॅकर. पहिल्यांदा एडलमन, तेरा यार्ड. मग तोच डाव, पुन्हा तोच: बर्कहेड, सात यार्ड. तिसऱ्यांदाही तोच डाव: ग्रॉन्कोव्स्की, एकोणतीस यार्ड, चेंडू थेट दोन यार्डांच्या रेषेवर. एकच डाव सलग तीनदा, तोही सुपर बोलच्या शेवटच्या सत्रात! तिथून रनिंग बॅक सोनी मिशेल चेंडू घेऊन गोलरेषेच्या आत घुसला. सामन्यातला एकमेव टचडाउन. पाच डाव, एकोणसत्तर यार्ड. शेवटी १३–३.

त्या तीन डावांत डेव्हलिनच्या हाताला चेंडू लागला नाही. त्याने नुसतं तिथे असणं पुरेसं होतं. तो होता म्हणून रॅम्सची जड माणसं मैदानात, आणि ती मैदानात होती म्हणून मधली जागा मोकळी. पण हे साधलं कशामुळे? आधीचे सामने त्याने खरोखर धडका दिल्या होत्या म्हणून. प्लेऑफच्या तीन सामन्यांत मिशेलच्या नावावर ३३६ यार्ड आणि सहा टचडाउन. धडक खरी असेल तरच हूल चालते.

म्हणून माझा कौल असा. शॉटगनमध्येच राहणाऱ्या संघाने फुलबॅक ठेवू नये. गोललाइनजवळच्या दोन डावांसाठी एखादा टाइट एंड पुरतो. क्वार्टरबॅकला सेंटरमागे उभं करून धावणाऱ्या संघाने जरूर ठेवावा, पण त्याला तीन कामं आली पाहिजेत: धडक, झेल, आणि पंट-किकऑफच्या, म्हणजे चेंडू लाथेने दूर पाठवण्याच्या, वेळचं खेळणं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१७ साली काइल युझचेकला चार वर्षांसाठी २ कोटी १० लाख डॉलरचा करार दिला तेव्हा पुष्कळांनी डोक्याला हात लावला. जानेवारी २०२०मध्ये त्याच संघाने ग्रीन बेला ३७–२० हरवलं. त्या दिवशी त्यांच्या क्वार्टरबॅकने फेकी केल्या फक्त आठ, आणि संघ धावला २८५ यार्ड.

सॅन फ्रान्सिस्कोचा सामना लागला तर चव्वेचाळीस नंबर शोधा, तोच युझचेक. चेंडू सुटण्याआधी तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतो. त्या वेळी चेंडूकडे बघू नका, समोरच्या बचावाकडे बघा. एखादा खेळाडू त्याच्यामागोमाग पळत गेला, तर बहुधा माणसागणिक पहारा आहे, म्हणजे प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिलेला. सगळे जागच्या जागी थोडे थोडे सरकले, तर जागेगणिक, म्हणजे प्रत्येकाला मैदानाचा एकेक भाग. क्वार्टरबॅकही त्या क्षणी हेच बघत असतो.