फोन लावायची भीती

श्रोतेहो, नमस्कार.

जीवनकौशल्यं हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात अशी दहा कौशल्यं सांगितली. निर्णय घेणं, अडचण सोडवणं, दुसऱ्याचं मन जाणणं, ताण पेलणं, नीट संवाद साधणं वगैरे. यादी उत्तम आहे. मी आज त्यातल्या एका छोट्या तुकड्याबद्दल बोलणार आहे. अनोळखी माणसाशी बोलणं. पुन्हा सांगते, अनोळखी माणसाशी बोलणं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, अक्षर सुंदर, लिहायची तर फारच छान. तिने प्रकल्पासाठी विषय घेतला चावीच्या घड्याळांचा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेल्या एका आजोबांचा नंबर तिला मिळाला. तिने मेसेज केला. उत्तर नाही. पुन्हा केला. उत्तर नाही. आजोबांना मेसेज वाचायची सवयच नव्हती. म्हटलं, "अगं, फोन लाव की." तिचा चेहरा उतरला. "मॅडम, तुम्हीच लावता का?"

मी म्हटलं, तू लाव, मी शेजारी बसते.

तिने आधी काय केलं असेल? मोबाइलवरच्या एआयला विचारून काय बोलायचं ते लिहून घेतलं. मजकूर चोख होता. नमस्कार, मी अमुक, माझा प्रकल्प तमुक, आपल्याला कधी वेळ असेल. फोन लागला. तिने एका दमात सगळं वाचलं. आजोबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळ, तुमच्या घरी चावीचं घड्याळ आहे का?"

हे कागदावर नव्हतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. शिक्षकाला गप्प बसणं फार अवघड जातं बरं का, पण गप्प बसले. पलीकडून आजोबाच म्हणाले, "घाई नाही. विचार करून सांग." मग ही हळूच म्हणाली, "आहे. आजोबांचं होतं. बंद आहे, पण आई टाकू देत नाही." "कधी बंद पडलं?" "आजोबा गेल्यावर कुणी चावीच दिली नाही." "मग ते बिघडलंच आहे असं कशावरून म्हणतेस?"

आणि पोरगी हसली! पुढे मग त्यांचं बोलणं रंगलं. चावी किती पिळायची, कुठे थांबायचं, कानाशी धरून काय ऐकायचं. ती विचारत होती, लिहून घेत होती, मध्येच "थांबा थांबा, पुन्हा सांगा" म्हणत होती. आजोबांनी तिला घड्याळ घेऊनच बोलावलं. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, त्यांनी मलाच प्रश्न विचारले!"

तिच्या नवलाकडे लक्ष द्या. लिहून घेतलेल्या मजकुरात आपलीच बाजू असते. पलीकडच्या माणसाला आपल्याबद्दल काही जाणून घ्यावंसं वाटेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. एआयने मजकूर दिला याला माझी हरकत नाही. धीर यायला त्याची मदतच झाली. पण खरं बोलणं सुरू झालं ते तो मजकूर संपल्यावर.

आजची मुलं बिघडली, असं लोक म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. पूर्वी घरात एकच फोन असायचा, सगळ्यांचा मिळून. जो जवळ असेल तो उचलायचा. "कोण बोलतंय? थांबा हं, बोलावते. नाहीत घरी, काही निरोप?" मुलं हे रोज करायची. अनोळखी आवाज, निरोप ध्यानात ठेवणं, नाव नीट विचारून घेणं, सगळा सराव घरबसल्या व्हायचा. आता प्रत्येकाचा फोन वेगळा. चौकशी, तक्रार, नोंदणी, सगळं बटणांवर. सोय झाली, आणि सराव गेला. सराव गेला म्हणून भीती आली, एवढंच.

त्यात कुणी मुलाला नाव विचारलं की आईवडीलच उत्तर देतात, ते तर थांबायलाच हवं.

आता मी वर्गात मुलांना जोडीजोडीने पाठीला पाठ लावून बसवते आणि खोटा फोन लावायला सांगते. चेहरा दिसत नाही, हावभाव दिसत नाहीत. मुलं आपलं नाव सांगायलाच विसरतात, समोरच्याचं वाक्य तोडतात, आणि फोन ठेवायचा कसा हे तर बहुतेकांना कळतच नाही. सरावाने सगळं जमतं. लवकर जमतं.

घरीही करता येईल. डॉक्टरांची वेळ घ्यायची असेल तर मुलाला फोन लावू द्या. शेजारी बसा, पण सांगू नका. अडखळलं तरी फोन हातातून काढून घेऊ नका. आणि वेळ ठरली की फोन ठेवण्याआधी वार आणि वेळ त्यालाच मोठ्याने परत म्हणायला लावा. ऐकण्यात चूक झाली असेल तर पलीकडचा माणूस तिथेच दुरुस्त करेल.

नमस्कार.