हाताला ओल कळते कशी?

दोरीवरचा कपडा वाळला का नाही हे बघायला आपण तो गालाला लावतो नाहीतर बोटांत चुरगळतो आणि लगेच सांगतो, अजून दमट आहे म्हणून. पण आपल्या कातडीत ओल ओळखणारा सेन्सरच नाहीये! झुरळाला आहे, माणसाला नाही.

मेंदू अंदाज बांधतो, गारवा किती लागला आणि वस्तू बोटांना कशी चिकटली, कशी सरकली यावरून. पटत नसेल तर उन्हाळ्यात हातात प्लास्टिकची पन्नी घाला, मनगटाशी घट्ट धरा आणि माठातल्या गार पाण्यात बुडवा, हात ओला झाला असंच वाटेल, बाहेर काढून बघा, कोरडा. तेच पाणी अंगाइतकं कोमट करून घेतलं की ओलेपणा बराच कमी जाणवतो.

गारवा कळतो तो मज्जातंतूंच्या टोकांना असलेल्या बारीक दारांमुळे. कातडी साधारण 26 अंशांच्या खाली गेली की टीआरपीएम8 नावाचं दार उघडतं, पुदिन्यातल्या मेंथॉलनंही तेच उघडतं. 43 अंशांच्या वर टीआरपीव्ही1 उघडतं, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननंही. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडे सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांचे हात घरी गेल्यावरही जळत राहतात ना, ती आग मनाची नाही, भाजल्यावर मेंदूला जी खबर जाते तीच मिरचीमुळे जाते. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.

आता जरा कापसाकडे या. हिवाळ्यात सकाळी सकाळी गाडी लागते, व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस दाबतो आणि म्हणतो, "माल गिला हाय भाऊ." वर्षानुवर्षं कापूस हाताळलेला हात आहे, त्याला बरंच कळतं, मान्य. पण झटकन गार लागलेलं कोरडं कापडही माणसाला ओलं वाटतं हे प्रयोगात दिसलंय, मग थंडीतल्या हाताच्या अंदाजावर क्विंटलमागे पैसे कापायचे हे मला तरी पटत नाही. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर 12 टक्क्यांपर्यंत कपात, आणि हा एकेका टक्क्याचा फरक बोटांना नेमका कळेल याचा भरवसा नाही. म्हणून ओलावा मोजायचं मीटर ढिगात आतपर्यंत खुपसायला लावा, दोन-तीन जागी, आणि आकडा स्वतःच्या डोळ्यानं बघा.