कंपायलरचं विरजण

श्रोतेहो, नमस्कार.

घरी दही लावायचं तर विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे कालचंच दही. 'रस्ट' या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरचं, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रॅमचं, तसंच आहे. तो रस्टमध्येच लिहिलाय. मग त्याला कंपाइल कोण करणार? त्याचीच आधीची आवृत्ती. अगदी पहिलं विरजण शेजारून आणलं होतं, 'ओकॅमल' नावाच्या भाषेतून. २०११ साली हा कंपायलर स्वतःच स्वतःला कंपाइल करू लागला.

या कंपायलरच्या कामाला हातभार लावायचा म्हटलं की नवख्यांना धास्ती वाटते. हे विरजणाचं कळलं की ती निम्मी जाते. कंपायलरचा कोड उतरवून घेतलात की 'एक्स डॉट पाय' ही स्क्रिप्ट तयार विरजण नेटवरून आपणहून आणते. डिस्कवर ३० जीबी जागा मात्र मोकळी ठेवा. पहिल्या बिल्डला, म्हणजे तो सगळा कोड कंपाइल व्हायला, लॅपटॉप जुना असेल तर चहा होऊन जेवणही उरकेल.

सुरुवात एरर मेसेजपासून करा. एखादी व्हॅल्यू दुसऱ्या व्हेरिएबलला, म्हणजे दुसऱ्या नावाला, देऊन टाकली आणि जुनं नाव पुन्हा वापरलं, की रस्ट 'ई०३८२' ही एरर देतो. व्हॅल्यू कुठे गेली, नंतर कुठे वापरली, हे कोडच्या ओळींखाली खुणा करून दाखवतो. अशा मेसेजांच्या टेस्ट जोडीने ठेवलेल्या असतात: एका फाइलीत मुद्दाम चुकवलेला प्रोग्रॅम, शेजारच्या फाइलीत अपेक्षित मेसेज, अक्षरन् अक्षर. तुम्ही मेसेजातला एक शब्द बदललात की टेस्ट फेल. बदल बरोबर असेल तर 'ब्लेस' हा पर्याय लावून टेस्ट पुन्हा चालवायची. अपेक्षित मेसेज नव्याने लिहिला जातो. ब्लेस म्हणजे आशीर्वादच! पण तो देण्याआधी फरक नीट वाचा, नाहीतर चुकीचा मेसेजही पावन होऊन जातो.

आता जुन्या जाणत्यांशी थोडं. इश्यू म्हणजे नोंदवलेली चूक किंवा काम. सोप्या इश्यूला 'ई-ईझी' आणि मदतीला कुणी असेल तर 'ई-मेंटॉर' असं लेबल लागतं. नुसतं लेबल चिकटवून भागत नाही. कुठली फाइल, कुठलं फंक्शन, कुठली टेस्ट, हे चार ओळींत लिहा. त्या चार ओळींना अर्धा तास जातो आणि इश्यू स्वतःच सोडवला तर पंधरा मिनिटं, हे मान्य. तरीही हात आवरा, तो नवख्यांसाठी राहू द्या.

आणि नवख्यांनो, इश्यूखाली 'रस्टबॉट' या आपोआप चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅमला 'क्लेम' एवढं लिहिलंत की तो इश्यू तुमच्या नावावर होतो. अडलात तर विचारा. नाहीच जमलं तर सोडून द्यायचीही आज्ञा आहे. कुणी रागावत नाही.